अध्यक्ष आजारी आहेत हे कोणी सांगायचे?

प्रा. हिंदुराव वाबळे सरांची आणि माझी पहिली भेट बारामतीच्या कॉलेजात, प्रथम वर्षाच्या वर्गाच्या दारात झाली, आणि त्या भेटीत माझा जो गोंधळ उडाला तो आजतागायत निस्तरलेला नाही. मी डाळजहून सकाळच्या एसटीने यायची. त्या दिवशी गाडी उशिरा आली. मी दारात धापा टाकत उभी, आणि सरांनी आत घेण्याआधीच प्रश्न टाकला, "बाई, उद्या आपले राष्ट्रपती भ्रमिष्ट झाले, तर तुम्ही काय कराल?"

मी घाबरून म्हणाले, "घरी नेऊ की सर. घरच्यांना बोलवून घेऊ."

सगळा वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. "नेणार कोण? कुठल्या कलमाखाली?" एवढे विचारून त्यांनी मला बसायला सांगितले.

मग त्यांनी तासभर ते कलम उलगडून दाखवले. राष्ट्रपतींना पदावरून दूर करायचे तर आपल्या राज्यघटनेत कारण एकच, घटनेचा भंग. त्यासाठी महाभियोग. एका सभागृहाच्या चौथाई सदस्यांनी सह्या करून नोटीस द्यायची, निदान चौदा दिवस थांबायचे, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी आरोप ठेवायचा. मग दुसऱ्या सभागृहाने चौकशी करायची आणि पुन्हा तेवढ्याच मतांनी शिक्कामोर्तब. "आता सांगा, आजारी पडणे हा घटनेचा भंग आहे का?" नाही. "विसरणे?" नाही. "मग?" आजारपणात उपराष्ट्रपतींनी काम पाहावे अशी सोय आहे, पण राष्ट्रपती आजारी आहेत हे ठरवायचे कोणी, ते कुठेच लिहिलेले नाही. "आणि राष्ट्रपती म्हणाले की मी ठणठणीत आहे, तर?" तेवढ्यात घंटा झाली आणि सर खडू ठेवून निघून गेले. मी खरे तर भूगोल घेणार होते. पण हे असे अर्धवट सोडून कुठे जाणार? म्हणून राज्यशास्त्र घेतले, त्यातच प्राध्यापक झाले, आणि आता इंदापूरच्या पोरांना तोच प्रश्न विचारून त्यांचाही गोंधळ उडवते.

सरांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला सांगितले, कार्य, मूल्ये, आठवणी आणि शेवटी शुभेच्छा, अशा क्रमाने लिहा. मी मान डोलावून बसले. अडचण अशी, की सर ज्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आहेत तिच्या घटनेप्रमाणे, सर हे पद सांभाळायला असमर्थ झाले की तसे सांगायचे काम माझ्याकडे आहे. एकट्या माझ्याकडे! म्हणजे एका हाताने हार घालायचा आणि दुसऱ्या हाताने नाडी बघायची. असल्या माणसाने गौरवलेख लिहायचा कसा, हे मला कोणी सांगत नाही. मी नाही म्हणून बघितले. तर सरांचाच निरोप आला, "शैलाबाईंनीच लिहावे." तेव्हा लिहिते आहे. क्रम चुकणार, हे आधीच सांगून ठेवते.

सरांचे कार्य म्हणजे आमची शाळा. डाळजच्या पुढे, महामार्गापासून थोडी आत. आमच्या गावच्या मारुतीआबांनी उसाचे उभे रान मोडून तिला जागा दिली, म्हणून तेच पहिले अध्यक्ष. संस्थेची घटना लिहायचे काम बारामतीच्या शिकलेल्या माणसाकडे, म्हणजे वाबळे सरांकडे आले. चार लोक काय करतात, दुसऱ्या संस्थेच्या घटनेवरून नाव बदलून उतरवून काढतात. सरांनी तसे केले नाही. तेव्हा ते तरुण होते, नुकतेच राज्यघटना शिकवू लागले होते आणि तिच्या प्रेमात आकंठ बुडालेले होते. अध्यक्षांना काढण्याचे कलम त्यांनी थेट राष्ट्रपतींवरून बेतले. कारण एकच, घटनेचा भंग. दोन सभागृहे कुठून आणणार? तर कार्यकारिणीने आरोप ठेवायचा आणि सर्वसाधारण सभेने चौकशी करायची. दोन तृतीयांश, चौदा दिवस, सगळे जसेच्या तसे.

सभेत हे वाचून दाखवले तेव्हा कोणाला काही कळले नाही, पण सगळ्यांना फार आवडले, असे माझे वडील सांगायचे. एक जण म्हणाला, "म्हंजी आपला आबा राष्ट्रपतीच झाला की! लय भारी काम!" टाळ्या पडल्या, चहा झाला, ठराव मंजूर. दुधाच्या आणि उसाच्या लोकांनी एका माध्यमिक शाळेला महाभियोग लावून घेतला, आणि तो कधी वापरावा लागेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

पुढे मी इंदापुरात नोकरीला लागले, आणि गावची लेक म्हणून आबांनी मला संस्थेची उपाध्यक्ष केले. त्यानंतर काही वर्षांनी आबांचे विसरणे सुरू झाले. प्रजासत्ताक दिनाला झेंडा फडकवून झाल्यावर ते पुन्हा दोरीकडे गेले आणि म्हणाले, "अजून कसा फडकावला न्हाय?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण मग मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्या जागेसाठी जो कोणी आबांच्या वस्तीवर जाऊन पाया पडेल त्याला आबा म्हणू लागले, "जा, झालास तू हेडमास्तर." सोमवारी शाळा भरली तर एका खुर्चीवर हक्क सांगणारे तीन शिक्षक हजर. तिघांनाही अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने नेमलेले. दहावीची परीक्षा तोंडावर, आणि पोरांना रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा ते कळेना.

कार्यकारिणी तापली. आबांना काढा, आजच काढा. तेव्हा सर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आबांनी घटनेचा कुठला भंग केला, तेवढं सांगा." मग एकदम गलका. कोणी म्हणाले सर आबांचे मिंधे झाले, कोणी म्हणाले यांनीच लिहून ठेवलेय म्हणून यांना पुळका. मलाही संताप आला होता, ते मी लपवत नाही. मी म्हणाले, "सर, माणसाला स्वतःची सून ओळखू येत नाही आणि तुम्ही कलम काय काढता?"

"ते आजारी आहेत, शैलाबाई. आजाऱ्यावर आरोप ठेवायचा नसतो. आरोप ठेवून काढलं तर ते गुन्हेगार म्हणून जातील. ज्या माणसानं जागा दिली त्याला असं पाठवायचं?"

"मग उपाध्यक्ष म्हणून मी काम बघते. तशी सोय आहेच ना?"

"आहे. अध्यक्ष आजारी असतील तर. पण आजारी आहेत हे म्हणणार कोण? तुम्ही? मग उद्या कोणीही उपाध्यक्ष उठून अध्यक्षाला आजारी ठरवील."

मला दारातली ती जुनी मुलगी झाल्यासारखे वाटले. एवढी वर्षे झाली आणि आम्ही तिथेच.

सरांनी मग जो मार्ग काढला तो शहाणपणाचा होता की निव्वळ हट्टाचा, हे मला आजही सांगता येत नाही. ते म्हणाले, आजारी आहे हे आजाऱ्यानेच म्हणायचे. रोज सकाळी ते बारामतीजवळच्या जळोचीतल्या आपल्या घरून स्कूटरवर निघायचे, भिगवण रस्त्याने आबांच्या वस्तीवर पोचायचे आणि आबांसमोर बसून विचारायचे, "आबा, तुम्हाला विसरायला होतंय. आजचा कारभार शैलाबाईंना बघू द्यायचा का?" फक्त त्या एका दिवसापुरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. वर्षभराच्या वर हे चालले.

यात गंमत अशी झाली, की ज्या दिवशी आबांचे डोके ताळ्यावर असे त्या दिवशी ते म्हणत, "व्हय मास्तर, मला काय बी आठवंना झालंय. बघू द्या पोरीला." आणि ज्या दिवशी ते पार हरवलेले असत त्या दिवशी गरजत, "मला काय धाड भरलीया? मी हाय की खंबीर!" सकाळी सरांचा मला फोन यायचा. "शैलाबाई, आज आबा बरे आहेत, म्हणजे आजारी आहेत. कारभार तुमच्याकडे." किंवा, "आज आबा आजारी आहेत, म्हणून बरे आहेत. तुम्ही काही करू नका." मी फोन ठेवून कितीतरी वेळ तशीच उभी राहायची. घरी विचारायचे, काय झाले? मी म्हणायची, मला कळले तर सांगते.

आणि ज्या दिवशी आबा असे 'बरे', म्हणजे पार हरवलेले असत, त्या दिवशी सर घरी परत येत नसत. दिवसभर वस्तीवर आबांशेजारी बसून राहत. उसाच्या जाती, जुने बैल, कुणाची विहीर कुणी खांदली, आबा काढतील तो विषय. कोणी काम घेऊन आले की सर म्हणत, "आज आबांना पाहुणे आहेत, नंतर या." पाहुणे म्हणजे स्वतःच! आबांच्या हातून चुकीचा निर्णय होऊ नये आणि तो कोणी त्यांच्या तोंडून काढूनही घेऊ नये, म्हणून कॉलेजातून निवृत्त झालेला एक प्राध्यापक तिथे दिवसच्या दिवस बैलांच्या गोष्टी ऐकत बसला. तीन मुख्याध्यापकांचा घोळही मला मिटवू दिला नाही. म्हणाले, आबांचा शब्द आबाच फिरवतील. एका चांगल्या सकाळी त्यांनी आबांना सगळे सांगितले. आबांनी कपाळावर हात मारला. "तीन हेडमास्तर? आरं माझ्या कर्मा! जो थोरला हाय त्याला बसवा आन् बाकीच्यांची मी माफी मागतो म्हनून सांगा." झाले. सगळ्यांनी ऐकले.

त्याच सकाळी आबांनी सरांना विचारले, "मास्तर, मला सरळ काढून का टाकत न्हाय तुमी?"

"काढता येत नाही आबा. तसं लिहिलेलं नाही."

"मग असलं कसलं लिवलं वो तुमी?"

सर म्हणाले, "चुकलं आबा." हे सरांनी स्वतः मला सांगितले. आबा गेले ते अध्यक्ष म्हणूनच गेले. शाळेच्या पोरांनी रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहून त्यांना निरोप दिला आणि त्यांच्यावर कसला आरोप नव्हता.

आता व्यक्तिगत उपकार. एका पावसाळ्यात माझे यजमान दवाखान्यात होते आणि मला कॉलेजला जाणे जमत नव्हते. मी प्राचार्यांना काही कळवायच्या आत सर इंदापुरात माझ्या वर्गावर हजर! बिनपगारी, स्वतःच्या पेट्रोलने. मी परत आले तर मुले म्हणाली, "मॅडम, सर रोज विचारायचे की बाईंनी कुठपर्यंत शिकवलंय आणि काय सांगितलंय. तिथूनच पुढं न्यायचे." राज्यपालांच्या धड्यात मी एके ठिकाणी साफ चुकीचे शिकवले होते. सरांना ते कळले होते, पण मुलांसमोर त्यांनी ते दुरुस्त केले नाही. तो भाग पुढे ढकलला, मी आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितले आणि म्हणाले, "वर्ग तुमचा आहे. मी हंगामी. दुरुस्ती तुम्हीच करायची." मी वर्गात जाऊन केली. पोरे हसली, पण माझा मान राहिला. हंगामी माणसाने खुर्ची तात्पुरती उबवायची, ती आपल्या मापाची करून घ्यायची नाही, हे मी पुस्तकात कधी वाचले नव्हते.

आबांनंतर सर एकमताने अध्यक्ष झाले, आणि पहिल्याच सभेत त्यांनी घटनादुरुस्ती मांडली. अध्यक्ष असमर्थ झाले तर काय? पुन्हा तोच प्रश्न! कोणी म्हणाले, डॉक्टर ठरवतील. सर म्हणाले, "डॉक्टर आजार सांगतील. पद झेपतं का ते कसं सांगणार? साखरेचा आजार असलेले निम्मे लोक इथंच बसलेत." मग घरच्यांनी ठरवावे. "घरचे एक तर लपवतील, नाही तर कंटाळून घाई करतील." मतदान घ्यावे. "मत घेतलं की नकोसा माणूस आजारी ठरतो आणि हवासा माणूस ठणठणीत." सगळे दमले. शेवटी एक सदस्य वैतागून म्हणाले, "मग सर, तुमीच सांगा की कुनी ठरवायचं. आमचं डोकं चालंना झालंय."

सर म्हणाले, "ज्याला हे सांगायला सगळ्यात जड जाईल, त्यानं. आधी अध्यक्षाला समोरासमोर, एकट्यात. अध्यक्षानं ऐकलं तर प्रश्न मिटला. नाही ऐकलं तर मग तुमचे दोन तृतीयांश." आणि त्यांनी माझे नाव घेतले.

मी तिथल्या तिथे उठून सांगितले की असले भिकार काम मला नको. खूप बोलले. हे काय, शिष्याने गुरूवर पहारा ठेवायचा? सरांनी सगळे ऐकून घेतले आणि सभेला म्हणाले, "बघा, जड जातंय की नाही." लोक हसले आणि हात वर गेले. ती दुरुस्ती मंजूर झाली.

इथपर्यंतचा लेख मी लिहून तयार केला होता. खाली शुभेच्छा जोडायच्या राहिल्या होत्या. सरांनी सांगून ठेवले होते की छापायला देण्याआधी वाचून दाखवा, म्हणून गेल्या रविवारी मी जळोचीला त्यांच्या घरी गेले. सर ओसरीवर डोळे मिटून ऐकत होते. महाभियोगाच्या वाक्याला त्यांनी हात वर केला. मी 'उपस्थित सदस्यांच्या दोन तृतीयांश' असे लिहिले होते. "उपस्थित नव्हे, एकूण. किती वर्षं शिकवताय तुम्ही?" मी खाली मान घालून दुरुस्त केले. मनात म्हटले, सुटले! हा माणूस अजून दहा वर्षे अध्यक्ष राहील.

वाचून झाले. चहा आला. सरांनी बशीत ओतून सावकाश घेतला आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंय. माणूस बरा दिसतोय. कोण हे?"

ज्यांनी सरांना जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की सर चेष्टा करताना कधी हसत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नाही. मी वाट बघितली. पुढे काही येईना. मी विचारले, "सर, चेष्टा करताय ना?"

"ते तुम्हीच ठरवायचं की. म्हणून तर तुम्हाला नेमलंय..." आणि ते थांबले. त्यांचे ओठ हलले. "...बाई," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वाबळे सरांना जमिनीकडे बघताना पाहिले.

नाव काय, मीही विसरते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींची नावे मला आठवत नाहीत. आणि ज्याला महाभियोगाचे एकसष्टावे कलम शब्दन् शब्द पाठ आहे तो असमर्थ कसा? की कलमे राहतात आणि माणसे जातात, असेच असते? मला काही उमजेना. मला उठून पळून जायचे होते. पण मी म्हणाले, "सर, आता पुरे करा. मला वाटतं, वेळ झाली."

सरांनी मान वर केली. मग त्यांनी विचारले, "खात्री आहे?"

"नाही."

"खात्री नसताना सांगताय?"

"हो."

"बरोबर केलंत," सर म्हणाले. "खात्री होईपर्यंत थांबला असतात, तर तुम्ही काय म्हणताय ते मला कळलं नसतं." आणि त्यांनी मला हात जोडले. मी रडले. सरांनी रडू दिले. निघताना म्हणाले, "हे सगळं लेखात घाला. गाळलंत तर ग्रंथ छापू नका म्हणावं." पुढच्या सभेत ते स्वतः पद सोडत आहेत. म्हणून हे इथे आले आहे. संपादक मंडळींनी माफ करावे. गौरवग्रंथात असे काही छापत नाहीत, हे मलाही समजते.

राहता राहिल्या शुभेच्छा. सर, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, आणि ते धडधाकट लाभो. देवाकडे माझे मागणे एवढेच आहे की मी सपशेल चुकलेली असू दे. तुम्ही ऐंशीला, नव्वदीला आणि शंभरीलाही भर सभेत उभे राहा, कलमासकट माझी चूक सगळ्यांना दाखवा, आणि माझे नाव घेऊन, आडनावासकट घेऊन, माझी चांगली खरडपट्टी काढा.